तिसऱ्या आठवड्यात रिकामी होणारी बाकं: प्रौढांच्या इंग्रजी वर्गाचा प्रकरण अभ्यास

मोठ्या माणसांसाठीच्या इंग्रजी संभाषण वर्गांची एक ठरलेली गत असते. पहिल्या दिवशी बसायला जागा पुरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निम्मी बाकं रिकामी होतात. कारण विचारलं तर "लोकांना कामं असतात हो" असं उत्तर येतं. कामं असतातच, पण ती पहिल्या आठवड्यातही होती. मधल्या काळात वर्गात असं काहीतरी घडतं की कामं सांभाळून येणारा माणूस कामाचं निमित्त सांगून थांबतो. ते नेमकं कोणत्या मिनिटाला घडतं आणि कसं बदलता येतं, हा या अभ्यासाचा विषय आहे.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात भरतात तशा संध्याकाळच्या वर्गाचं हे प्रकरण आहे. अशा वर्गांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. यातली माणसं आणि आकडे नमुन्यादाखल आहेत, अडचणी मात्र खऱ्या आहेत.

वर्ग आणि माणसं

प्राथमिक शाळेची खोली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ७ ते ८:३०. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम, म्हणजे ३६ तासिका आणि एकूण ५४ तास. नावं नोंदवलेले २२ जण: नऊ गृहिणी, कंपन्यांत काम करणारे सात (ऑपरेटर, फिटर आणि एक सुपरवायझर), दोन आशा सेविका, मेडिकलच्या दुकानातला एक मुलगा, एक रिक्षाचालक, एक सिक्युरिटी गार्ड आणि एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक. सगळ्यात लहान २३ वर्षांचा, सगळ्यात मोठे ६१ वर्षांचे. शिक्षिका सत्तावीस वर्षांची, एम.ए. इंग्रजी, शाळेत शिकवण्याचा चार वर्षांचा अनुभव असलेली, तयारी करून येणारी.

या गटात एक दरी आधीपासून होती. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या २३ वर्षांच्या मुलाने ते पहिलीपासून ऐकलेलं आहे, आणि शेजारच्या पन्नाशीच्या ताईंनी अकराव्या वर्षी अक्षरं गिरवायला घेतली, सातवीला शाळाच सुटली. दोघांनाही वाटतं की फरक हुशारीचा आहे. ताईंना तर तसं खात्रीने वाटतं. हा गैरसमज पहिल्याच तासिकेला, मराठीत, स्पष्ट शब्दांत दूर करायला हवा होता. तो केला गेला नाही, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर रचल्या गेल्या.

पहिले तीन आठवडे

पहिल्या दिवशी शिक्षिकेने "एकेकाने उभं राहून इंग्रजीत ओळख करून द्या" असं सांगितलं. ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. हिशोब करून बघावा. २२ माणसं, प्रत्येकी दीड मिनिट, एकूण ३३ मिनिटं. पहिला उभा राहिला सुपरवायझर, त्याला बोलण्याची सवय. दुसरा मेडिकलमधला मुलगा, बी.कॉम. झालेला. त्यांनी जे बोललं ते बाकीच्या वीस जणांसाठी माप ठरलं. शेवटच्या बाकावरच्या बाईंनी अर्धा तास दुसऱ्या कोणाचंही नाव ऐकलं नाही, कारण त्या मनात स्वतःचं वाक्य घोकत होत्या. पाळी आल्यावर त्या "माय नेम इज" म्हणून थांबल्या. कोणीतरी हसलं, वाईट हेतूने नव्हे, स्वतःची पाळी होऊन गेल्याच्या सुटकेने. त्या पुन्हा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी "इथे फक्त इंग्रजी" हा नियम आणि मराठी शब्दाला एक रुपया दंडाचा डबा आला. डबा जवळपास रिकामाच राहिला, कारण लोक बोलायचेच थांबले. काही समजलं नाही हे सांगण्याचीही सोय उरली नाही. "समजलं का?" या प्रश्नावर सगळ्यांनी मान हलवली.

मग पुस्तकातला उतारा ओळीने मोठ्यांदा वाचायचा. निवृत्त वाहक "चष्मा घरी राहिला" म्हणाले. पुढच्या वेळीही तेच म्हणाले. इथे दोन शक्यता असतात आणि दोन्ही तपासाव्या लागतात. चाळिशीनंतर जवळचं बारीक दिसत नाही, आणि झेरॉक्स ११ पॉइंटच्या फिकट अक्षरात होती. किंवा वाचताच येत नाही आणि चष्मा ही इभ्रत राखण्याची जागा आहे. ती जागा काढून घेणं क्रूर आहे. मोठ्या अक्षरातला कागद न बोलता समोर ठेवला की दोन्ही शक्यतांना उत्तर मिळतं.

दुरुस्तीचा प्रकार असा. रिक्षाचालक सांगत होता, "यस्टरडे आय गो टू बँक अँड द मॅनेजर..." शिक्षिका म्हणाली, "वेंट. आय वेंट." तो थांबला. "यस, वेंट," म्हणाला आणि खाली बसला. मॅनेजरने काय केलं, हे त्या वर्गाला कधीच कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हजेरी बारावर आली. त्यातले चौघे बोलत होते, आठ ऐकत होते.

निदान: दोन साधी कामं

अशा वेळी पुस्तक बदलण्याची किंवा "मोटिव्हेशन"चं भाषण देण्याची घाई होते. त्याऐवजी दोन गोष्टी केल्या तर चित्र लगेच स्पष्ट होतं.

पहिलं काम नोंदीचं. कागदावर बाकांचा आराखडा काढायचा, प्रत्येक नावाचा चौकोन करायचा आणि कोणी इंग्रजीत बोललं की त्या चौकोनात एक रेघ मारायची. शिक्षकाची वेगळी. शिकवता शिकवता हे जमत नाही. एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवावं किंवा फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावा. वर्गाला आधी सांगून, अर्थात. इथे रेघा चार चौकोनांत दाटल्या होत्या, आठ चौकोन कोरे होते आणि ९० पैकी निम्म्याहून जास्त मिनिटं शिक्षिका बोलत होती.

पुढचा हिशोब अंकगणिताचा आहे. शिक्षिका ५० मिनिटं बोलली तर ४० उरतात. एका वेळी एकच माणूस बोलणार असेल, तर २२ जणांत प्रत्येकाला दोन मिनिटंही येत नाहीत, आणि तीही सगळ्यांच्या नजरेसमोर. तेच लोक जोड्यांनी बसून २५ मिनिटं बोलले तर प्रत्येकाला सुमारे बारा मिनिटं मिळतात आणि ऐकणारा एकच असतो. भीती कमी करण्याचा आणि सराव वाढवण्याचा उपाय एकच निघतो. म्हणूनच आपुलकीचं वातावरण ही शिक्षकाच्या स्वभावावर सोडून देण्याची गोष्ट नाही. शिक्षिका स्वभावाने प्रेमळच होती.

दुसरं काम पाच मिनिटांच्या एकेकट्या गप्पांचं. मराठीत, वर्गाआधी किंवा नंतर, व्हरांड्यात. चार प्रश्न पुरतात. येत्या महिन्यात इंग्रजी नेमकं कुठे लागणार आहे? समोर कोण असेल? मागच्या वेळी न बोलता परत आलात अशी वेळ कोणती? वर्गात कोणती गोष्ट नको वाटते? उत्तरं वहीत लिहायची, वर्गात कधीही वाचून दाखवायची नाहीत.

गृहिणींपैकी सात जणींचं पहिलं उत्तर एकच होतं: मुलाच्या शाळेची पालक सभा. ऑपरेटरना कंपनीत ऑडिटला बाहेरची माणसं आली की मशीनजवळ उभं राहून दोन वाक्यं सांगायची होती. आशा सेविकांना ॲपमधल्या सूचना वाचायच्या होत्या. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मात्र इंग्रजीबद्दल नव्हतीच. "साहेब समोर बसतात." हे सांगणारा ऑपरेटर आणि वर्गातला सुपरवायझर एकाच कंपनीतले निघाले, आणि सोमवारी वर्गात झालेली चूक मंगळवारी शॉपफ्लोअरवर चेष्टेचा विषय होत होती. "घरी वही उघडली की मुलगा हसतो." "दारात उभं राहून मे आय कम इन म्हणायचं जिवावर येतं."

हे शेवटचं वाक्य नीट वाचावं. एक बाई स्वयंपाक उरकून, सासऱ्यांच्या गोळ्या देऊन, दहा मिनिटं उशिरा वर्गाच्या दाराशी येते. तिला बावीस माणसांसमोर शाळकरी मुलीसारखी परवानगी मागावी लागते, तीही इंग्रजीत. ती जिन्यावरूनच परत जाते आणि हजेरीत "अनुपस्थित" लागतं.

परक्या भाषेच्या वर्गातल्या या भीतीचा अभ्यास जुना आहे. १९८६ साली हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची मापपट्टी तयार केली आणि तिच्याशी निगडित तीन गोष्टी मांडल्या: लोकांशी बोलण्याची धास्ती, इतर आपल्याला काय समजतील याची धास्ती आणि परीक्षेची धास्ती. या वर्गात दुसरीचं राज्य होतं. मोठ्या माणसाला समाजात एक जागा असते. वाहक म्हणून, सून म्हणून, सुपरवायझर म्हणून. अडखळत बोलताना ती जागा पणाला लागते. लहान मुलाला गमावण्यासारखं एवढं काही नसतं, म्हणून शाळेत चालणारी युक्ती इथे उलटते.

चौथ्या आठवड्यापासूनचे बदल

*दार आणि पहिली दहा मिनिटं.* परवानगी मागणं बंद. उशिरा आलेल्याने आत यावं, बसावं, शेजाऱ्याने बोटाने ओळ दाखवावी. पहिली दहा मिनिटं नेहमी एकाच पद्धतीची ठेवली: फळ्यावर एक प्रश्न, जोडीदाराशी त्यावर बोलायचं. "आज डब्यात काय होतं", "येताना रस्त्यात काय दिसलं" असे प्रश्न. उशीर झालेल्याचं यात काही बुडत नाही, आणि वेळेवर आलेल्याला दिवसभराची मराठी बाजूला सारायला वेळ मिळतो.

*बसण्याची व्यवस्था.* प्राथमिक शाळेची बाकं मोठ्यांना बुटकी पडतात. गुडघे दुखणारा माणूस दीड तास त्यावर तग धरत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून वरच्या वर्गाची खोली मिळवली. बाकं भिंतीकडे तोंड न करता दोन-दोन समोरासमोर आली. फळ्यावरचं अक्षर ५ सेंटीमीटर उंचीचं, छापील कागद १६ पॉइंटमध्ये, ओळींत मोकळी जागा. फळ्यावर ट्यूबलाइट चमकत असेल तर डाव्या बाजूच्या लोकांना निम्मा फळा दिसत नाही. तिथे एकदा स्वतः बसून बघावं.

*जोड्या.* यावर सगळ्यात जास्त विचार लागतो. सर्वांत हुशार आणि सर्वांत कच्चा अशी जोडी लावण्याचा मोह होतो, पण मग हुशार माणूस दुसरा शिक्षक होतो आणि कच्चा गप्प. पातळीत थोडाच फरक असलेली जोडी चालते. जोडी एक आठवडा तीच ठेवावी. रोज बदलली तर रोज नव्याने लाज मोडावी लागते, आणि महिनाभर तीच राहिली तर दोघं एकमेकांच्या चुका पाठ करतात. नवरा-बायको, सासू-सून, साहेब-कामगार, घरमालक-भाडेकरू यांना एकत्र बसवू नये. या वर्गात सुपरवायझर आणि तो ऑपरेटर यांना खोलीच्या दोन टोकांना आणि वेगळ्या चौकडींत (दोन जोड्यांच्या गटांत) ठेवलं. सुपरवायझरशी शिक्षिकेने एकट्याने बोलून सांगितलं की वर्गातलं वर्गात राहायला हवं. त्याने ते मनावर घेतलं. घेतलं नसतं तर दोघांपैकी एकाला दुसऱ्या बॅचला हलवणं हाच मार्ग होता.

*हाक कशी मारायची.* शिक्षिका मोठ्या बायकांना काकू, मावशी म्हणायची, पुरुषांना सर. हे आदराने होत होतं, पण नोंदीच्या कागदावर एक गोष्ट दिसली: ज्यांना काकू म्हटलं जातं त्यांना फक्त हो-नाहीचे प्रश्न जातात. सगळ्यांना नावापुढे ताई किंवा दादा लावायचं ठरलं. ६१ वर्षांच्या वाहकांना मात्र सगळे काका म्हणत राहिले, कारण त्यांना तेच हवं होतं. ज्याला जी हाक बरी वाटते ती विचारून घ्यावी, मग प्रश्न मात्र सगळ्यांना सारखे विचारावेत.

*बोलण्याचा क्रम.* कोणताही प्रश्न थेट एका माणसावर टाकायचा नाही. आधी एक मिनिट स्वतः विचार, हवं तर दोन शब्द लिहून. मग जोडीत. मग दोन जोड्यांची चौकडी. मग सगळ्यांसमोर, तेही ज्याला वाटेल त्याने. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली विचार-जोडी-सर्वांसमोर ही पद्धत हीच, फक्त मध्ये चौकडीची एक पायरी वाढवलेली. सर्वांसमोर येईपर्यंत ते वाक्य तिसऱ्यांदा बोललं जात असतं, म्हणून ते सुटतं.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दलही सांगायला हवं. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या शाळांच्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंदांपर्यंत थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. ते विद्यार्थी आपल्या भाषेत उत्तर देत होते. इथे माणसाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर मराठीत जुळवायचं, शब्द शोधायचे आणि क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणायचं आहे. मनात सात मोजावेत. पहिल्या आठवड्यात ही शांतता शिक्षकालाच सहन होत नाही आणि तो स्वतः उत्तर देऊन टाकतो. त्या वेळी पाणी प्यावं, फळा पुसावा, पण उत्तर देऊ नये.

*मराठीची जागा.* दंडाचा डबा काढून टाकला. त्याऐवजी मराठी कुठे चालेल ते ठरवलं: नव्या कृतीची सूचना, व्याकरणाचा मुद्दा आणि शेवटची पाच मिनिटं. जोडीकामाच्या वेळी इंग्रजी, पण अडलं तर मराठी शब्द वाक्यात घालून पुढे जायचं. "माय मदर-इन-लॉ हॅज संधिवात" हे वाक्य पूर्ण आहे आणि त्याचं स्वागत व्हायला हवं. संधिवाताचा शब्द नंतर मिळतो. भिंतीवर चार वाक्यं मोठ्या अक्षरात लावली आणि पहिल्या दोन तासिका त्यांचाच सराव घेतला:

प्लीज से इट अगेन.
स्लोली, प्लीज.
हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?
वन मिनिट, आय ॲम थिंकिंग.

या चारांतलं शेवटचं सगळ्यात मोलाचं आहे. गप्प राहिलेल्या माणसाला लोक "येत नाही" असं समजतात. हे वाक्य म्हटलं की तोच वेळ त्याचा हक्काचा होतो.

*चुकांची दुरुस्ती.* तीन गट केले. अर्थच कळत नसेल तर लगेच विचारायचं. त्या दिवशी शिकवलेल्या मुद्द्याची चूक असेल, तर वाक्य पूर्ण होऊ द्यायचं आणि खूण करायची. भूतकाळासाठी अंगठा खांद्यामागे नेणं ही खूण सगळ्यांनी मिळून ठरवली. बाकी सगळ्या चुका शिक्षिकेच्या वहीत. शेवटच्या दहा मिनिटांत त्यातली पाच-सहा वाक्यं फळ्यावर येतात, नाव न घेता आणि तपशील बदलून, म्हणजे बँकेचं पोस्ट होतं, रिक्षाचा टेम्पो होतो. जोड्या मिळून ती सुधारतात.

खुणेचं कारण सांगतो. बऱ्याच शिक्षकांना चूक हळुवारपणे सुधारून परत म्हणणं सभ्य वाटतं: "ओह, यू वेंट टू द बँक?" शिकणारा "यस, यस" म्हणतो आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "आय गो" म्हणतो, कारण आपलं म्हणणं मान्य झालं असं त्याने धरलेलं असतं. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या मुलांच्या वर्गांत हेच पाहिलं: ही दुरुस्ती शिक्षक सर्वांत जास्त वापरतात आणि तिला शिकणाऱ्यांकडून सर्वांत कमी प्रतिसाद येतो. स्वतः सुधारायला जागा दिली तर माणूस स्वतः सुधारतो, आणि ते त्याला आवडतंही.

कौतुकाचंही असंच. प्रत्येक वाक्याला "व्हेरी गुड" मिळालं की मोठ्या माणसाला चार दिवसांत कळतं की ते सगळ्यांनाच मिळतं. "आज तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, मागच्या आठवड्यात एकही नव्हता" हे त्याला पटतं, कारण ते खरं असतं.

एक तासिका जवळून: पालक सभा

सातव्या आठवड्यात ही तासिका झाली. पहिल्या प्रयत्नात शिक्षिकेने संवाद लिहून दिला, बायकांनी तो पाठ केला आणि वर्गात उत्तम म्हटला. शनिवारी खऱ्या सभेत त्यातल्या एका ताईंनी पहिलं वाक्य बरोबर म्हटलं, वर्गशिक्षिकेने त्यावर संवादात नसलेलंच काही विचारलं, आणि त्या गोठल्या. पाठांतरात नेहमी हेच बिघडतं. आपली बाजू आपल्या हातात असते, समोरच्याची नसते.

पुढच्या वेळी चिठ्ठ्या केल्या. पालकाच्या चिठ्ठीवर एकच ओळ: मुलाच्या वाचनाबद्दल विचारा. शिक्षिकेच्या भूमिकेत बसलेल्याकडे तीन चिठ्ठ्या, त्यातली कोणती निघेल ते पालकाला माहीत नाही: "ही टॉक्स टू मच इन क्लास", "डज ही डू हिज होमवर्क एव्हरी डे?", "प्लीज साइन द डायरी". पालकाने काहीही करून संभाषण एक मिनिट चालू ठेवायचं. त्यासाठी हातात तीन वाक्यं: "आय वॉन्ट टू नो अबाउट हिज रीडिंग." "प्लीज से इट अगेन." आणि "कॅन आय टेल यू धिस इन मराठी?"

तिसऱ्या वाक्यावर थोडा वाद झाला; इंग्रजी शिकायला येऊन मराठीची परवानगी का मागायची? पण या वाक्याने त्या खोलीतली सूत्रं पालकाच्या हातात येतात. जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय आता परत यायचं नाही, हे पक्कं होतं. ज्याला माघारीचा रस्ता माहीत आहे तो पुढे जास्त जातो.

मग तेच संभाषण तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, दर वेळी कमी वेळात: दोन मिनिटं, दीड मिनिट, एक मिनिट. पुढे गेलेल्या वर्गांत हा सराव चार-तीन-दोन मिनिटांचा असतो. नवशिक्यांना चार मिनिटं म्हणजे शिक्षा होते. तिसऱ्या फेरीत अडखळणं किती कमी होतं ते बोलणाऱ्याला स्वतःलाच ऐकू येतं. ऑपरेटरनी हाच साचा ऑडिटसाठी वापरला. चिठ्ठ्यांवरचे प्रश्न त्यांनीच लिहून आणले, कारण ऑडिटर काय विचारतो हे शिक्षिकेला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मशीनबद्दल बोलताना त्यांचा आवाज वेगळाच लागत होता.

शिफ्ट, घर आणि फोन

सेकंड शिफ्ट लागली की कामगाराचे आठ-पंधरा दिवस बुडतात. धडे साखळीसारखे एकमेकांत अडकवलेले असतील तर तो परत आल्यावर त्याला काहीच कळत नाही, आणि तो दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून प्रत्येक तासिका स्वतःत पूर्ण केली: एक प्रसंग, आठ-दहा शब्द, एक वाक्यरचना. दर सहाव्या तासिकेला नवं काही नाही, जुन्याची फेरी. दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली तासिकाही अशीच, जुन्या जोडीदारांसह; त्या दिवशी नवा धडा काढला तर पुढच्या तासिकेला खोली रिकामी मिळते.

व्हॉट्सॲप गटाने आधी त्रासच दिला. आवाजी संदेश गटावर पाठवायला सांगितले तेव्हा चौघांनीच पाठवले, तेच चौघे. शिवाय काही घरांत फोन एकच, तो मुलांच्या हातात, आणि आईचा आवाज घरभर वाजतो. गटावर फक्त शिक्षिकेने दोन मिनिटांचा ऑडिओ टाकायचा आणि उत्तर द्यायचंच असेल तर तिला एकटीला, असं केल्यावर आणखी काही जण पाठवू लागले. ज्यांना तेही नको त्यांना दहा मिनिटांचं न बोलता करायचं काम: औषधाच्या पाकिटावरचे पाच शब्द, बँकेच्या मेसेजमधली रक्कम आणि तारीख ओळखणं, मुलाच्या डायरीतली एक सूचना उतरवून आणणं.

हसणाऱ्या मुलांनाही कामाला लावता येतं. आईकडे पाच प्रश्नांची चिठ्ठी, मुलाने फक्त प्रश्न विचारायचे आणि आईची उत्तरं लिहून घ्यायची. चुका काढायच्या नाहीत, अशी ओळ चिठ्ठीवरच मराठीत छापलेली. बऱ्याच घरांत हे जमतं. जिथे नवऱ्याचाच वर्गाला विरोध आहे तिथे चिठ्ठी घरी पाठवू नये.

परीक्षा घेतली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मिनिटाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, दहाव्यात त्याच विषयावर पुन्हा, आणि दोन्ही त्या माणसाने स्वतः ऐकायची. या बॅचचं पहिलं मुद्रण सहाव्या आठवड्यात झालं, त्यामुळे फरक कमी दिसला, तरी दिसला.

काय साधलं, काय नाही

बाराव्या आठवड्यात हजेरी सोळा होती. बारा टिकले आणि चौघे परत आले. नोंदीच्या कागदावर कोरा चौकोन एकच राहिला. सिक्युरिटी गार्ड परतला नाही. बारा तासांच्या ड्युटीत संध्याकाळचा वर्ग बसतच नाही आणि त्याला कोणतंही वातावरण पुरेसं नाही. त्याच्यासारख्यांसाठी रविवारी सकाळची दोन तासांची बॅच लागते. पहिल्या दिवशी "माय नेम इज"वर थांबलेल्या बाईही आल्या नाहीत. ज्यांना दहावीचा इंग्रजीचा पेपर द्यायचा आहे त्यांचं लेखन या पद्धतीत मागे पडतं. त्यांना वेगळा अर्धा तास द्यावा लागतो. मेडिकलमधल्या मुलाला वर्ग सोपा वाटू लागला होता. अशांना चौकडीत संभाषण नोंदवण्याचं काम दिलं तर ते टिकतात, पण महिनाभरच. नंतर त्यांना वरची बॅच हवी.

परत आलेले चौघे आपोआप आले नाहीत. दोन तासिका चुकल्या की तिसऱ्या दिवशी फोन, हा नियम केला होता. फोनवर "का आला नाहीत?" विचारलं की समोरचा कारण शोधतो, आणि एकदा कारण सांगितलं की त्याला ते निभवावं लागतं. म्हणून बोलणं असं ठरवलं: "ताई, शुक्रवारी दवाखान्यात केसपेपर काढताना बोलायचा सराव आहे. मागचं काही लागणार नाही. तुमची जोडी आशाताईंबरोबर लावून ठेवलीय, सव्वासातपर्यंत आलात तरी चालेल." एका मिनिटात फोन संपवायचा. शक्यतो हा फोन शिक्षिकेऐवजी जोडीदाराने करावा. शिक्षिकेला नाही म्हणणं सोपं असतं.